राहण्याजोगा तालुका

दिवे गेले तेव्हा हिचा दुसरा तास चालू होता. सकाळचे साडेदहा वाजले होते, खिडक्यांतून उजेड भरपूर होता, त्यामुळे दिवे गेल्याचं डोळ्यांना कळलंच नाही. कळलं ते कानांना. डायलिसिसच्या त्या हॉलमध्ये आठ खाटा आणि आठ मशिनं. आठांचा मिळून एक सलग घुमारा असतो, आणि आठवड्यातून तीन दिवस, दोन वर्षं तो ऐकून ऐकून आपण काही ऐकतो आहोत हेच मी विसरलो होतो. तो घुमारा एकदम खाली बसला आणि सगळी मशिनं एका सुरात टीं टीं करू लागली. सिस्टर म्हणाली, जनरेटर लागेल आता. सगळ्यांनी माना डोलावल्या. जनरेटर लागला नाही. मशीनच्या पोटात बॅटरी असते, ती थोडा वेळ रक्त फिरवत ठेवते, हे मला माहीत होतं. हिच्या मशीनची बॅटरी म्हातारी झाली आहे हे माहीत नव्हतं. दोन मिनिटांत रक्त फिरवणारं चाक थांबलं. नळीतलं रक्त थांबलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. फिरत असतं तेव्हा ते नुसतं लाल असतं; थांबल्यावर ते कुणाचं तरी असतं. सिस्टरने मशीनच्या पाठीमागून एक छोटा दांडा काढला, चाकात बसवला, दोनदा फिरवून दाखवला. "काका, इकडे या. हे असं फिरवायचं. घाई नाही करायची आणि थांबायचं नाही." आणि ती दुसऱ्या खाटेकडे धावली, कारण तिथेही बॅटरी संपत चालली होती. मी फिरवू लागलो. ही उशीवरून माझ्याकडे बघत होती. "अहो, जरा हळू," ती म्हणाली, "सायकलमध्ये हवा नाही भरायचीय." शेजारच्या खाटेवरचे आजोबा हसले. मीही हसलो. माझा तळहात घामाने घसरत होता आणि मी मनात आकडे मोजत होतो, कारण आकडे मोजताना दुसरं काही मनात येत नाही. अकरा मिनिटांनी वीज आली. सिस्टरने दांडा काढून घेतला, पुसला, जागेवर अडकवला आणि म्हणाली, "छान केलंत काका." शाळेत वहीवर मिळायचा तसा शेरा. बाकीचे दोन तास मी खुर्चीत बसून होतो. ही झोपली. माझा उजवा हात मांडीवर होता आणि तो मधूनमधून आपला आपण गोल फिरत होता.

माझं काम जोखीम तपासायचं. विमा कंपनीत एकतीस वर्षं मी हेच करतो आहे: कारखाने, गोदामं, कापडाच्या गिरण्या, थंड कोठारं अशा ठिकाणी जायचं, सगळीकडे हिंडायचं, काय जळेल, काय बुडेल, काय कोसळेल ते बघायचं आणि तक्ता भरायचा. लोक मला चहा देतात, पण माझ्याकडे असे बघतात की जणू आग मीच पिशवीत घालून आणली आहे. पाण्याच्या टाकीवर ठोकून आत किती आहे ते मी आवाजावरून सांगू शकतो. मागचं दार खोक्यांनी बंद केलेलं असेल तर ते मला पुढच्या दारातच वासावरून कळतं, असं ऑफिसात गमतीने म्हणतात. आणि एवढं असून, ज्या हॉलमध्ये माझी बायको आठवड्याला बारा तास पडून असते त्या हॉलच्या जनरेटरमध्ये डिझेल आहे का, हे मी दोन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. मला वाटतं मला ते तपासायचं नव्हतं. माणूस आपल्या घराच्या भिंतीवर ठोकून बघत नाही.

त्या दिवसानंतर शहर मला वेगळं दिसायला लागलं. म्हणजे शहर तेच होतं, पण मी त्याच्याकडे कामावर असल्यासारखा बघायला लागलो. आमची इमारत नऊ मजल्यांची, आम्ही सातव्यावर. पाणी वर चढतं ते पंपाने, पंप चालतो विजेवर, वीज येते ती दीडशे किलोमीटरवरून, आणि मधल्या प्रत्येक खांबाला कुणीतरी कधीतरी धडकू शकतं. कोपऱ्यावरच्या दुकानात तीन दिवस पुरेल एवढं सामान असतं. दुकानदाराला मी सहज विचारलं तर तो म्हणाला, तीन कसले, रोज सकाळी गाडी येते म्हणून फळ्या भरलेल्या दिसतात. आमच्या मजल्यावर चार दारं. समोरच्या दारावरची पाटी मी बारा वर्षं रोज बघत होतो, पण आतल्या माणसांपैकी कोण कोणाचं कोण हे मला सांगता आलं नसतं. हे सगळं मी कधीपासून जाणत होतो. जाणणं वेगळं आणि हातातला दांडा घामाने घसरणं वेगळं.

मग मी तालुके बघायला लागलो. जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसच्या नकाशांवर. कंपनीकडे सगळ्या भागांचे नकाशे असतात: कुठे पूर येतो, कुठे वणवा लागतो, जमीन कुठे सरकते, भूकंपाची रेघ कुठून जाते. एकावर एक ठेवत गेलं की शेवटी नकाशावर पांढरे तुकडे उरतात, जिथे कुठलीच आपत्ती पोचत नाही, किंवा उशिरा पोचते. असे पाच-सहा तुकडे उरले. त्यांतला एक तालुका मला आवडला. खरं सांगायचं तर कारण काही नव्हतं. डोंगराच्या कुशीत होता, त्यात अठरा गावं होती, आणि नकाशावर एका गावाच्या वर निळ्या शाईत "झरा, बारमाही" एवढे दोन शब्द लिहिलेले होते. कुणीतरी कधीतरी तिथपर्यंत चालत जाऊन, उन्हाळ्यात पुन्हा जाऊन, खात्री करून ते लिहिलं असणार. मी एक तक्ता आखला. पाण्याचा उगम आणि उतार, मातीची खोली, सरपण, रस्ते किती आणि त्यांतले किती बंद पडू शकतात, बियाणं, गुरं, छपरांचा प्रकार, शेजारी किती अंतरावर, त्यांना काय काय येतं. सव्वीस रकाने झाले. संध्याकाळी बसमधून घरी येताना माझ्या डोक्यात तोच तालुका असायचा. एका घराच्या पुढच्या पायरीवर मी बसलेलो असायचो, हाताला माती लागलेली, आणि समोर काही नाही, नुसता उतार. एवढंच. हे इतकं गोड वाटायचं की स्टॉप चुकायचा.

एकदा असा स्टॉप चुकून चालत परत येताना मला आमची पहिली खोली आठवली. छापखान्याच्या मागे, तळमजल्यावर. ही तेव्हा छापखान्यात मुद्रितं तपासायची, शाळेच्या पुस्तकांची. दिवसभर शाईत आणि धुळीत बसून संध्याकाळी यायची, चपला काढायच्या आधी माठाकडे जायची आणि उभ्याने पाणी प्यायची. एक तांब्या, दुसरा तांब्या. मान मागे, डोळे मिटलेले, गळ्यातून पाणी उतरताना दिसायचं, दोन थेंब हनुवटीवरून खाली. मग "हाऽऽ" करून तांब्या पालथा घालायची. लग्नाला तीन महिने झाले होते आणि मला वाटायचं, या बाईला तहान केवढी आहे. आता तिला दिवसाला आठशे मिलिलिटर. बाटलीवर पेनाने रेघा मारलेल्या आहेत, सकाळच्या चहाची रेघ, गोळ्यांची रेघ, जेवणाची रेघ. उन्हाळ्यात ती बर्फाचा खडा तोंडात धरून ठेवते आणि तो विरघळेपर्यंत बोलत नाही. त्या न बोलण्यात मी तिच्याकडे बघत नाही. कशाची आठवण येते असं कुणी विचारलं, तर मला त्या तांब्याची येते.

पहिल्यांदा मी एकटाच गेलो. शनिवारी सकाळी, हिला सांगून की एक गोदाम बघायचं आहे. एकतीस वर्षांत तिच्याशी कामाबद्दल खोटं बोललो नव्हतो, त्यामुळे ते सहज खपलं. झऱ्याच्या गावात एक घर रिकामं आहे असं फोनवर कळलं होतं. मालक निवृत्त लाइनमन, साठी ओलांडलेला, खांबावर चढून चढून पाय बाहेरच्या बाजूला वाकलेले. ते आणि त्यांची बायको शेजारच्याच घरात राहत. रिकामं घर त्यांच्या थोरल्या भावाचं होतं, तो गेला होता, मूलबाळ नव्हतं. दगडी भिंती, दोन खोल्या, मागे अंगण आणि त्याच्यावर टेकडी. टेकडीतून झरा. मी बादली धरली आणि घड्याळ लावलं. पंधरा लिटरची बादली पन्नास सेकंदांत भरली. "उन्हाळ्यात?" मी विचारलं. "उन्हाळ्यात तुमचं घड्याळ दीड मिनिट दाखवेल," लाइनमन म्हणाले, "जास्त नाही. माझ्या बापाने ओंजळीने मोजलंय ते." मी मातीत गज खुपसला, तो हातभर आत गेला. छपराखालच्या तुळया ठोकल्या. गावात सुतार होता, गुरांची औषधं जाणणारी एक म्हातारी होती, दोन जणांना विहीर खणता येत होती, धान्य सगळेच साठवत होते. लाइनमन माझ्या मागे मागे फिरत होते. शेवटी म्हणाले, "साहेब, एक विचारू? तुम्ही घर बघताय की परीक्षा घेताय?" मी म्हटलं, सवय आहे. "मग आम्हाला किती मार्क?" मी हसलो, पण मार्क खरंच घातले होते. शंभरात सत्त्याऐंशी. एकतीस वर्षांत कुठल्याही जागेला मी एवढे दिले नव्हते. परतीच्या वाटेवर मला इतका आनंद झाला होता की मी गाडी चालवताना गुणगुणत होतो, आणि घराजवळ आल्यावर अचानक गप्प झालो. का, ते मला कळलं नाही. वाटलं, थकलो असेन.

तक्ता हिला मंगळवारी सापडला. लपवलेला नव्हता, कपाटावर फायलीत होता, पण लपवल्यासारखाच. मी ऑफिसातून आलो तर ती जेवणाच्या टेबलाशी चष्मा लावून बसली होती आणि हातात लाल पेन होतं. छापखाना सोडून चार वर्षं झाली तरी ती वर्तमानपत्रसुद्धा लाल पेन घेऊन वाचते. "बसा," ती म्हणाली. मी बसलो. "विहीर. पहिली वेलांटी ऱ्हस्व, दुसरी दीर्घ. तुम्ही चार ठिकाणी उलटं लिहिलंय." मी म्हटलं, बरं. "आणि सरपण एकाच ठिकाणी दोनदा आलंय." तिने पान उलटलं. मग पुन्हा उलटलं. तिला मी ओळखतो. चुका संपल्यावर ती जे गाळलंय ते शोधते. छापखान्यात तिची हीच ख्याती होती, असलेलं चुकीचं कुणीही पकडेल, नसलेलं ही पकडायची. "अहो, दवाखान्याचा रकाना राहिलाय," ती म्हणाली.

मी म्हटलं, "राहून गेला असेल."

"तुमच्याकडून?"

तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. तिने पट्टी घेतली, पानाच्या उजवीकडे एक रेघ मारली, सत्ताविसावा रकाना, आणि वर लाल अक्षरात लिहिलं, डायलिसिस. "किती लांब आहे?"

"ब्याण्णव किलोमीटर."

"म्हणजे माहीत आहे."

"रस्ता डोंगरातला आहे. अडीच तास लागतात."

तिने ते लिहिलं. ब्याण्णव, अडीच तास. आकडा वळणदार काढला. मग चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, "मार्क पुन्हा घालावे लागतील तुम्हाला." आणि उठून भाजी उकडायला ठेवायला गेली, कारण तिच्या भाजीचं पहिलं पाणी फेकून द्यावं लागतं, त्याला वेळ लागतो.

मी तिथेच बसून राहिलो. स्वयंपाकघरातून पाणी ओतल्याचा आवाज येत होता. मला बसमधली ती पायरी आठवली, हाताला माती लागलेली, समोर उतार. इतके आठवडे मी त्या पायरीवर बसत होतो आणि मागे घरात कोण आहे हे कधी वळून पाहिलं नव्हतं. आत्ता पाहिलं. घरात कुणी नव्हतं. चुलीजवळ एकच ताट होतं. मी तिला वाचवायला जागा शोधत होतो असं मी स्वतःला सांगितलं होतं, आणि ज्या जागेत ती आठ दिवससुद्धा जगणार नाही अशी जागा शोधून तिला सत्त्याऐंशी मार्क दिले होते. म्हणजे मी ती गेल्यानंतरची जागा बघून आलो होतो. माझ्या आतला कुणीतरी, जो माझ्यापेक्षा हुशार आणि निर्दय होता, मला न विचारता पुढे निघून गेला होता. मला उठून स्वयंपाकघरात जावं, तिला काहीतरी सांगावं असं वाटलं. पण तिने सगळं तपासून ठेवलं होतं. झोपताना नेहमीप्रमाणे मी तिच्या डाव्या हातावर बोटं ठेवली. तिथे कोपराखाली डायलिसिससाठी शीर धमनीला जोडलेली आहे, बोट ठेवलं की आत मांजर गुरगुरत असल्यासारखं लागतं. दोन वर्षं ते लागल्याशिवाय मला झोप येत नाही. तिने हात काढून घेतला नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मला दाखवा एकदा ते गाव."

शुक्रवारचं डायलिसिस झालं की सोमवारपर्यंत मोकळं असतं. तोच आमचा आठवड्यातला सगळ्यांत लांब पल्ला, आणि डॉक्टरांच्या मते सगळ्यांत धोक्याचा. लेकीने फोनवर विचारलं, बाबा, तुम्हाला नक्की झालंय काय, आईला घेऊन डोंगरात कुठे निघालात. हिने फोन घेतला. "काही झालेलं नाही त्यांना. हवापालट करायला चाललोय. तू तुझं बघ." शनिवारी सकाळी आम्ही निघालो. ती पुढे बसली, मांडीवर पाण्याची रेघांची बाटली. वाटेत तिने पाणी घेतलंच नाही. मी दोनदा विचारलं. "साठवतेय," ती म्हणाली. वळणांवर तिला मळमळेल म्हणून मी इतका हळू चालवत होतो की मागून येणारा ट्रॅक्टरसुद्धा आम्हाला ओलांडून गेला आणि ट्रॅक्टरवाल्याने वळून बघितलं, गाडी बिघडली आहे का म्हणून.

लाइनमनची बायको फाटकाशी उभी होती. मागच्या वेळी ती मला नीट दिसलीही नव्हती, कारण माझ्या तक्त्यात ती "शेजारी, दोन" मधली एक होती. ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा, बोलताना समोरच्याचा हात धरायची सवय. तिने हिचा डावा हात धरला आणि लगेच सोडून उजवा धरला. हिने तिच्याकडे बघितलं. तेव्हा मला काही उमगलं नाही. "या ताई," ती म्हणाली, "आधी बसा, घर कुठे पळत नाही." पण हिला आधी झरा बघायचा होता. चढ थोडाच होता, तिसऱ्यांदा दम घ्यायला थांबलो तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही मोजू नका." झऱ्याशी पोचल्यावर तिने पिशवीतून पेला काढला, काचेचा, घरून कागदात गुंडाळून आणलेला. तो काठोकाठ भरला आणि उभ्याने प्यायला लागली. एका दमात. मान मागे, डोळे मिटलेले. मी म्हणणार होतो की अडीचशे झाले, म्हणालो नाही. पेला संपला. तिने तो पालथा घातला, एक थेंब पडला. "थंड आहे," ती म्हणाली. "दात दुखले." मग मला म्हणाली, "तुम्हीपण प्या ना," आणि मी प्यायलो, ओंजळीने.

दुपारी मी शिडी लावून छपराखाली चढलो. एक तुळई मागच्या वेळी नीट ठोकायची राहिली होती. खाली त्या दोघी खिडकीशी बसल्या होत्या. ही वहिनींना, म्हणजे लाइनमनच्या बायकोला, विचारत होती, या घरात कोण राहायचं, काय करायचे. मी सव्वीस रकान्यांत हे विचारलं नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "थोरले दीर. शाळेवर शिपाई होते. त्यांचंही तुमच्यासारखंच होतं ताई." आणि मग, "हात धरला तेव्हा कळलं मला. आतलं गुरगुरतं ना." मी तुळईवर हातोडी टेकवून तसाच राहिलो. वहिनी सांगत होत्या. आठवड्यातून दोनदा त्यांना शहराकडे न्यावं लागायचं. पहाटे निघायचं, रात्री परत, दुसरा दिवस झोपण्यात, तिसऱ्या दिवशी पुन्हा निघायची तयारी. दीड वर्ष केलं. मग एक दिवस दीर म्हणाले, आता पुरे. लाइनमन भांडले, डॉक्टरांनी समजावलं. ते म्हणाले, मी रागाने म्हणत नाही, मला घरी बसायचं आहे.

"मग?" हिने विचारलं.

"मग बसले. एकोणीस दिवस. डॉक्टर म्हणाले होते आठ-दहा. ही खाट तेव्हा या खिडकीशी होती. पहिले दिवस चांगले गेले. येणारे-जाणारे बोलायचे. आमच्या ह्यांना घेऊन बसायचे, दोघं लहानपणीच्या भांडणांवरून पुन्हा भांडायचे. पुढे झोप वाढत गेली. शेवटी शेवटी दम लागायचा, त्याला नर्सबाई येऊन औषध देऊन जायची. मी खोटं नाही सांगत, सोपं नव्हतं. पण मी बघितलंय ताई, माणूस घाबरलेला नव्हता."

"पाणी मागायचे?"

"मागायचे. मी द्यायची. किती द्यायचं ते मी मोजलं नाही."

 मी शिडीवरून खाली बघितलं, तर वहिनींनी हिचा उजवा हात हातात घेतला होता आणि दोघी बाहेर बघत होत्या, उतारावर एक गाय चरत होती तिच्याकडे. मी तुळई ठोकायची विसरलो. ती ठीक असावी.

रविवारी सकाळी ही अंगणात उन्हात बसली. पायाला सूज आली होती, ती लपवायला तिने पायांवर शाल घेतली होती. वहिनींच्या कोंबड्या तिच्या खुर्चीभोवती फिरत होत्या आणि ती त्यांना, काय गं, काय हवंय, असं विचारत होती. मी लाइनमनशी खांबांबद्दल बोलत होतो. ते म्हणाले, वादळात तार तुटली तर आजही मला बोलवतात, नवीन पोरांना वर चढायची भीती वाटते. मी मान डोलावत होतो आणि अंगणाकडे बघत होतो. बसमध्ये मनातल्या मनात मी ज्या पायरीवर बसायचो ती ही पायरी नव्हतीच. या पायरीवर कोंबड्यांची घाण होती, एक दगड हलत होता, आणि तिच्यासमोर माझी बायको शालीत पाय गुंडाळून बसली होती.

परत येताना डोंगर उतरून सपाट रस्ता लागला तेव्हा ती बोलली. तोपर्यंत मला वाटत होतं की झोपली आहे. "मला ते घर हवंय," ती म्हणाली.

मी म्हटलं, "तिथे कसं राहणार आपण? तूच तर लिहिलंस, ब्याण्णव."

"राहायला नाही. आत्ता तर नाहीच. आत्ता मला कंटाळा आलेला नाही, मला अजून शेजारच्या आजोबांशी भांडायचंय, लेकीकडे जायचंय." ती समोर बघत होती. "पण कधीतरी मी म्हणेन, पुरे. तेव्हा मला त्या हॉलमध्ये असायचं नाही, आणि सातव्या मजल्यावरही नाही. त्या खिडकीशी असायचंय."

"असलं काही बोलायचं नाही." माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"रागवा हवं तर. गाडी मात्र नीट चालवा."

मी गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. रस्त्याच्या कडेला कुणाचं तरी शेत होतं, नुकतं नांगरलेलं. मला तिला सांगायचं होतं की मी तो रकाना मुद्दाम गाळला नव्हता, किंवा गाळला होता, मलाच माहीत नाही. की मी तिथे एकटाच बसलेला मला दिसत होतो आणि मला ते गोड वाटलं होतं. मी तिला ते सांगितलं. वाक्यं नीट लागली नाहीत, मधले शब्द गळत गेले. ती ऐकत होती. मग म्हणाली, "मला माहीत होतं. मंगळवारीच."

"मग तू रागावली नाहीस?"

"रागावले ना. दोन दिवस रागावले होते, तुम्हाला कळलं नाही." ती थोडं हसली. "मग वाटलं, मी गेल्यावर हा माणूस कुठे असेल याची मला काळजी होती. तुम्ही जागा शोधलीत, बरं झालं. नुसतं एवढंच की मला आधी तिथे यायचंय. तुमच्या आधी."

"पण ब्याण्णव किलोमीटर," मी म्हणालो. 

"तेव्हा ब्याण्णव काय नि नऊशे काय."

ट्रक जात होते, प्रत्येक ट्रकसरशी गाडी जरा हलत होती. तिने बाटली उघडली, रेघ बघितली, एक घोट घेतला आणि बाटली माझ्यापुढे धरली. मी घेतली नाही. तिची होती ती. "आत्ता नाही म्हणालीस," मी म्हटलं. "आत्ता नाही," ती म्हणाली. "मी सांगेन तेव्हा. आणि मी सांगितलं की तुम्ही वाद घालायचा नाही. एकदा घाला हवं तर. दोनदा नाही." मी मान हलवली. होकार होता की नाही ते तिने विचारलं नाही. आम्ही निघालो.

सोमवारी आम्ही नेहमीच्या वेळी पोचलो. तिचं वजन वाढलेलं होतं, सिस्टरने काटा बघून भुवया उंचावल्या, "काकू, पाणी जास्त झालं वाटतं." "हो," ही म्हणाली, "पार्टी होती." सुया टोचल्या, मशीन लागलं, ती शेजारच्या आजोबांना कोंबड्यांचं सांगायला लागली. मी आधी जाऊन जनरेटर बघून आलो, डिझेलची टाकी ठोकून बघितली, भरलेली होती. मग व्हरांड्यात उभा राहून लाइनमनला फोन लावला. म्हटलं, घर आम्ही घेतो. ते म्हणाले, चांगलं झालं, कधी येताय राहायला? मी काचेतून आत बघितलं. ती हातवारे करून काहीतरी सांगत होती, एका हाताने, दुसरा पट्ट्याखाली होता.

"ते अजून ठरलेलं नाही," मी म्हणालो.

पलीकडे थोडा वेळ कुजबुज झाली आणि फोनवर वहिनी आल्या. त्यांनी काही विचारलं नाही. म्हणाल्या, "मागच्या वाफ्यात सध्या काही नाही. ताईंना विचारा, लसूण लावून ठेवू का? थंडी आहे तोवर लावला तर चांगला धरतो."

"किती दिवस लागतात त्याला?" मी विचारलं.

"साडेचार महिने. कधी पाच."

मी मनात मोजलं. मग पुन्हा मोजलं, यावेळी पाच धरून.

"लावा," मी म्हणालो. "जास्त लावा."